एक नंबर, दोन खिसे

पंपदुरुस्तीच्या दुकानातला तारेचा फोन गेला आणि दुकानाचा नंबर इंटरनेटवरून चालू लागला, तेव्हापासून थोरल्याच्या मनात पाल चुकचुकत होती. आता तोच नंबर दोघा भावांच्या मोबाइलवर एकदम वाजायचा. पण उचलायचा नेहमी धाकटाच, आणि बोलत बोलत बाहेर जायचा.

"गिऱ्हाइकं फोडून वेगळं दुकान टाकायचा बेत दिसतोय याचा," थोरला बायकोला म्हणाला.

"मग ऐका की. प्रत्येक कॉल साठवून ठेवतं म्हणे ते इंटरनेटवालं," ती म्हणाली.

धाकटा जेवायला गेल्यावर थोरल्याने मोबाइल कानाला लावून आठवड्याभराचे कॉल ऐकले. चोरी काही सापडेना. जुन्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न मात्र एकच होता: "दादा नाहीत ना जवळ? फार ओरडतात हो."

"थांबा, बाहेर येतो," धाकटा दर वेळी म्हणायचा. "मनाने वाईट नाही हो तो. बोला."

तेवढ्यात मोबाइल वाजला. थोरल्याने उचलला.

"दादा नाहीत ना?" एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

त्याने घसा साफ केला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात सांगितलं, "नाहीत. बोला."