मी हॉलंडची नाही

मी शेवंती बोलतेय. लगेच खिशातली किल्ली चाचपू नका. आमच्या गावात तेच करतात. माझं नाव निघालं की लोखंडाला हात लावायचा, म्हणजे मरण शेजाऱ्याच्या दारी जातं. दूर कुठल्याशा मुलखात बायका मला केसांत माळतात म्हणे. इथे सिसिलीत मी फक्त मेलेल्यांची.

संत्र्यांच्या बागा संपतात तिथे आल्फिओचा मळा होता. चाळीस वर्षं त्याने अख्ख्या गावाच्या थडग्यांना फुलं पुरवली. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, त्याच्या फाटकाशी रांग लागायची. तीन तारखेपासून त्याचा टेम्पो दिसला की तीच माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. एकाही लग्नाचं आमंत्रण त्याला कधी आलं नाही. फुलं हवीत, फुलवणारा नको. यालाच गावातले म्हातारे रीत म्हणतात.

माझ्या फांदीवर सात कळ्या होत्या. आल्फिओने सहा खुडल्या आणि मला एकटीला ठेवलं, म्हणजे मी मोठी होईन. मी झालेही, दोन मुठींएवढी, पांढरीशुभ्र. बघायला तो राहिला नाही. कळ्या खुडल्या त्याच आठवड्यात गेला. एकटेपण मला असं त्याच्याच हातून मिळालंय.

त्याची मुलगी तेक्ला. तिचा होणारा नवरा बोटीवर कामाला, सुट्टी नोव्हेंबरात, म्हणून लग्नही नोव्हेंबरात. चार दिवस आधी तिने मला कापलं आणि चिरिनोच्या फुलांच्या दुकानात आणलं. सोबत तिची आई होती आणि होणारी सासू जेल्सोमिना. आमच्याकडे नवरीचा गुच्छ सासरहून येतो.

"काकू, मोसमात जे आहे तेच घेऊ," तेक्ला म्हणाली. "मर्टलच्या काळ्या फळांच्या डहाळ्या, ऑलिव्ह, फुललेली रोझमेरी. आणि मधोमध हे."

जेल्सोमिनाचा हात पर्समध्ये गेला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

"अगं पोरी, माझ्या मुलाशी लग्न करतेयस की त्याला पुरतेयस?"

"बाबांनी लावलेलं शेवटचं फूल आहे."

"तुझ्या बापाची फुलं माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर शोभली. तिथेच शोभतात. चिरिनो, मधोमध पांढरी, भरगच्च पाकळ्यांची पिओनी घाल. हॉलंडहून मागव."

"ताई, पिओनी म्हणजे मे महिन्याचं फूल..."

"मग विमानं काय माशा मारायला आहेत?"

"मागवतो, ताई."

जन्मभर फुलांत घालवलेला माणूस. त्याला ठाऊक होतं कोण बरोबर आहे. तरी मान डोलावली. आणि तेक्लाची आई? हातमोज्यांकडे बघत म्हणाली, "मोठ्या आहेत त्या, ऐक त्यांचं." चाळीस वर्षं ज्याच्या घासावर जगली, त्याचं फूल समोर होतं. त्याच्या बाजूने एक शब्द नाही निघाला. वय वाढलं की कणा वाकतो असं ऐकलं होतं. यांना तो होता कधी?

चिरिनोने मला मागच्या बादलीत टाकलं, काळ्या रिबिनींच्या रिळांमागे. चार दिवस मी तिथे होते. कुणी डोकावलं नाही.

लग्नाच्या सकाळी खोका आला. आत पिओनीच्या कळ्या, मुठी आवळल्यासारख्या. कोमट पाणी झालं, फुंकर झाली, शिव्याही झाल्या. एकही उघडली नाही. चिरिनोने घाम पुसला आणि मला बादलीतून उपसलं. भराभर माझी पानं ओरबाडली, कारण पानांवरून मी ओळखू येते. घाईत देठाशी एक पान राहिलं.

गुच्छ घेऊन तो स्वतः तेक्लाच्या दारी गेला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"चिरिनोकाका, हे तर..."

"पिओनी आहे," तो घाईने म्हणाला. "हॉलंडची. समजलं ना?"

तेक्लाच्या अंगठ्याला ते पान सापडलं. तिने ते चुरडलं आणि बोटं नाकाशी नेली. बापाच्या सदऱ्याला येणारा कडवट वास. डोळे भरले.

"समजलं," ती म्हणाली.

चर्चच्या दारात जेल्सोमिनाने मला सगळ्यांसमोर कुरवाळलं. "बघ, याला म्हणतात फूल! नाहीतर तुझं ते थडग्यावरचं!" आजूबाजूचे हसले. मी वाट पाहत होते. आता बोलेल, आता बोलेल. तेक्ला माझा देठ घट्ट धरून आत गेली. आल्फिओ पहिल्यांदा एखाद्या लग्नाला आला होता, तोही नाव बदलून.

नवरीने गुच्छ मैत्रिणींकडे फेकायचा असतो, तो तिला फेकू दिला नाही. सासूने मला उलटं टांगून वाळवलं आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. दोन वर्षं झाली. पाहुणे आले की ती सांगते, "हॉलंडची पिओनी, माझी निवड." बोलता बोलता कुणाचं आजारपण निघालं की कपाटाच्या लोखंडी किल्लीला हात लावते. मी तिच्या नाकासमोर असते.

मळ्यात आता गवत आहे. माझी जात तिथे उरली नाही. काल तेक्ला कपाट पुसायला आली, दार उघडून नाक जवळ आणलं. वास राहिलेला नाही माझ्यात. तिने दार लावून घेतलं.

तेक्ला, रागावलेय मी तुझ्यावर. तरी एक कर. पुढच्या वेळी पाहुणे बसलेले असताना, सासू समोर असताना म्हण, "ही शेवंती आहे. माझ्या बापाची." फार तर ती किल्ली घट्ट धरेल.

धरू दे.