साठ साखळ्या, चाळीस कड्या

"तुमी आमचं रान चोरलं, साहेब. चोरलं म्हंजे चोरलंच."

मंगलीबाई हे खड्ड्यात बसून म्हणाली. मजुरांनी खांबासाठी मांडीभर खोल खड्डा खणला होता. ते सिमेंट कालवायला वळले तेवढ्यात म्हातारीनं आत पाय सोडले आणि मग सरळ खाली उतरून बैठकच मारली. जमिनीच्या वर आता तिचं डोकं, खांदे आणि मोहफुलांची टोपली एवढंच दिसत होतं. दोन मजूर खांब उचलून तसेच उभे होते.

"बाई, उठा. सरकारी कामात अडथळा आणला तर गुन्हा दाखल होतो."

"खड्डा तुमीच खणला, अन बसाले बी मनाई? मंग खणला कायले?"

मजूर हसले. मोजणीच्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते खांबाकडे पाहायला लागले.

दिव्यानी सगळ्यांच्या मागे, मोहाच्या बुंध्याआड उभी होती. गावातली पंधरा-वीस माणसं नाल्याच्या काठावर जमली होती आणि सगळ्यांची तोंडं साहेबांकडे होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. तरी तिनं ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली होती, ऊन लागतंय असं दाखवत.

भांडण साधं होतं. गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. कित्येक वर्षं अर्ज करून, कचेरीच्या पायऱ्या झिजवून मिळाला होता. आज त्या जंगलाच्या हद्दीवर खांब रोवायचे होते. गावाशेजारच्या जुन्या दगडापासून नाला ओलांडून पांढऱ्या धोंड्यापर्यंत हद्द, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण साहेबांच्या मशीननं खूण दाखवली ती नाल्याच्या अलीकडे. पलीकडचा बांबू, तेंदू, मंगलीबाईची मोहाची झाडं, सगळं हद्दीबाहेर.

"आमच्या घरी लाईटचं मीटर हाये," मंगलीबाई खड्ड्यातून म्हणाली. "थे दर महिन्याले वाढते. तुमचं मीटर असं कसं बापा, कमीच होऊन राह्यलं?"

आता सगळेच हसले. गावाच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष दादाजी तेवढे हसले नाहीत. त्यांच्या हातात पंचनाम्याचा कागद होता. त्यावर त्यांची सही झाली की ही हद्द गावानं मान्य केली, असं होणार होतं. मग पुढे कुठल्या दारात जायची सोय नाही.

"दिव्यानी कुठी हाये?" दादाजींनी मान वळवली. "ये बेटा, समोर ये. तू पाह्य बरं हे मशीन. खोटं बोलून राह्यलं थे. ह्याइले तूच सांगू शकते."

वाट झाली. माणसं बाजूला सरकली. दिव्यानीला पुढं यावं लागलं.

मशीनच्या काचेवर आकडा होता. सहाशे तीन मीटर. मशीन अजिबात खोटं बोलत नव्हतं. हा आकडा तिचाच होता.

जंगलाचा जुना नकाशा सरकारचा. त्यावरची लांबी मोजणीच्या साखळ्यांत, त्या साखळ्याही सरकारच्या. त्या साखळ्या टाकल्या सरकारच्या माणसांनी, गावाला न विचारता. आणि हक्क द्यायची वेळ आली तेव्हा कचेरी म्हणाली, साखळ्या आम्हाला चालत नाहीत, मीटर करून आणा. कोण करणार? ज्या गावात अजून विहिरीची खोली पुरुषांत सांगतात, बांबू हातानं मोजतात आणि बाजाची सुतळी दोन्ही हात पसरून वावेनं घेतात, त्या गावानं करायचं. दादाजींनी तेव्हा ग्रामसभेत छाती काढून सांगितलं होतं, "आपली पोरगी हाये ना. मोजणीचं शिकून आली, साताऱ्याले नोकरी केली. थे करून देते."

तिनं करून दिलं होतं. एका बैठकीत. आजूबाजूला माणसं बसली होती, कुणीतरी चहा आणला होता, आणि ती मोबाईलवर भराभर गुणाकार करत होती. साताऱ्याकडे साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, सोळा आणे. तिथल्या जुन्या नकाशांवर तिनं दोन वर्षं काम केलं होतं, झोपेतही सांगितलं असतं. साठ साखळ्या गुणिले तेहतीस. भागिले फूट-मीटरचा हिशेब. सहाशे तीन.

पण नकाशावर नुसत्या साठ साखळ्या नव्हत्या. साठ साखळ्या, चाळीस कड्या, असं होतं.

ती तिथं थांबली होती. हे तिला पक्कं आठवतं. कडी म्हणजे साखळीचा एक भाग. भाग सोळाच, तर साखळ्यांच्या पुढं चाळीस कुठून येतील? सोळात चाळीस बसत नाहीत, हे तिसरीतल्या पोराला कळतं. म्हणजे ही साखळी ती साखळी नव्हे. इकडची साखळी निराळी असेल, विचारायला हवं. एक फोन करायचा होता. आरमोरीत मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांच्याकडे जायचं होतं. पण दादाजी म्हणाले, "पाहा, पाहा, कशी फटाफट करते," आणि बायका तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. तिनं चाळीस कड्या किरकोळ म्हणून सोडून दिल्या. चारही बाजूंच्या.

साताऱ्याला तिच्या 'मले-तुले'ला हसत. तिनं ते सहा महिन्यांत टाकून दिलं होतं. तिकडची भाषा घेतली, तिकडची साखळी घेतली, आणि ती इथं आणून आपल्याच गावाच्या जंगलावर टाकली. इकडची साखळी सहासष्ट फुटांची. कड्या शंभर. हे तिला आज सकाळी कळलं. पहिला खांब रोवला, तो नको तिथं आला, तेव्हा ती घरी जेवायच्या निमित्तानं गेली आणि तिनं तो फोन केला. फोनवरचे गृहस्थ प्रेमानं म्हणाले, "बाराशे पंधरा मीटर येईल बघा. कड्या धरल्यात ना?"

ती परत आली होती, पण बोलली नव्हती. झाडाआड उभी राहिली होती. माणसं साहेबांना चोर म्हणत होती आणि ती ऐकत होती. ऐकताना तिला बरं वाटत होतं. या बरं वाटण्याची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती.

"सांग ना बेटा," दादाजी म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. पण साहेब मध्येच म्हणाले, "मॅडम, जरा इकडं येता? आकडे दाखवतो. दादाजी, पाच मिनिटं. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना समजेल."

जीप सागाच्या सावलीत उभी होती. साहेबांनी तिला पाण्याची बाटली दिली. माणूस वाईट दिसत नव्हता. पन्नाशीचा, चष्मा घामानं घसरत होता, शर्टाच्या खिशात मुलीच्या लग्नपत्रिका होत्या.

"तुमचा चेहरा बघितला सकाळी," ते हळू आवाजात म्हणाले. "कळलं ना तुम्हाला?"

तिनं मान खाली घातली.

"होतं असं. तिकडं शिकलेल्या सगळ्यांचं होतं. मला तेव्हाच वाटलं होतं, बाईंनी तेहतिसची साखळी धरली." ते थोडे हसले, धीर द्यायला. "मी काही बोलणार नाही. तुमचं नावही कुठं येणार नाही. मशीननं असंच दाखवलं, एवढं तुम्ही सांगा. त्यांचा राग आमच्यावर आहे, राहू दे. आम्हाला सवय आहे. तुम्हाला या गावात राहायचंय."

दिव्यानीनं बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"दादाजी सही करतील तुम्ही म्हटल्यावर," साहेब म्हणाले.

हे खरं होतं. ती म्हणाली तर दादाजी सही करतील. मंगलीबाई खड्ड्यातून उठेल, दोन शिव्या देईल, घरी जाईल. गाव कचेरीला शिव्या देत राहील. दिव्यानी गावाची शिकलेली पोरगी राहील. लग्नात बायका तिला शेजारी बसवून घेतील. कुणालाही काहीही कळणार नाही, आणि पुढच्या चैत्रात मोहाखाली सडा पडला की मंगलीबाई नाल्याच्या अलीकडे उभी राहून बघत बसेल.

ती खड्ड्यापाशी परत आली. दादाजींनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"सही करू नका, दादाजी," ती म्हणाली. "मशीन बरोबर हाये. मी चुकली."

कुणाला कळलंच नाही. एक बाई म्हणाली, "काय म्हंते?"

"ह्या आकड्याचं मीटर मी केलं ना. साखळी लहान धरली. इकडची साखळी दुपटीनं लांब राह्यते. नकाशावर कड्या लिहून होत्या, त्या मले दिसल्या. दिसल्या, तरी सोडून देल्या. कोणाले पुसलं नाई."

खांब धरलेल्या मजुरांनी तो हळूच जमिनीवर आडवा ठेवला. मघाशी साहेबांकडे असलेली सगळी तोंडं आता तिच्याकडे वळली, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर तिला उभं राहता आलं असतं. माणसांना कळत नव्हतं की काय चेहरा करावा. दादाजींनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला, ते दोनदा हुकलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "साताऱ्याची बाई." त्यावर कुणी हसलं नाही.

"मंग अर्धं गेलं म्हण ना," मंगलीबाई म्हणाली. तिनं हिशेब लावला होता. "आमचं रान अर्धं झालं."

दिव्यानीला वाटलं, इथं थांबावं. अर्धं म्हटलं तर अर्धं. तेवढीच लाज पुरे.

"अर्धं नाई, माय."

तिनं दादाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला. जमिनीवर पसरला. लांबीत दुमडला. "ही लांबी अर्धी झाली." मग रुंदीत दुमडला. "रुंदी बी तशीच धरली मी. चारी बाजू." तिनं घडीवर तळहात ठेवला. "एवढंच राह्यलं. चार हिश्यातला एक."

मंगलीबाईनं खड्ड्याच्या काठावर हनुवटी टेकून त्या घडीकडे पाहिलं. हात लांब करून एक पदर उचलून बघितला, जणू खाली आणखी काही असेल. मग सोडून दिला.

"हे काम करता येत नव्हतं तर सांगाचं होतं ना वो पोरी," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "आमी कोणी दुसरं पाह्यलं असतं."

"हो."

"आमी तुले काही म्हणलो असतो काय?"

"नाई."

दिव्यानी जमिनीकडे पाहत होती. साहेब जीपकडून चालत आले. त्यांनी दुपट्टा पाहिला आणि खेदानं मान हलवली. "आता मॅडमनीच कबूल केलंय. आकडे तुमच्या ग्रामसभेनं दिलेले. कचेरीचा यात काही दोष नाही. दुरुस्ती मागायची तर वर मागा. आज पंचनामा पूर्ण करू द्या."

"साहेब," दिव्यानी म्हणाली. तिनं मान वर केली. डोळे पुसले नाहीत. "माही चुकी हाये. थे मी कोणावर ढकलत नाई. पण तुमी आत्ता जीपजवळ मले म्हणलं, तेहतिसची साखळी धरली हे तुमाले तेव्हाच वाटलं."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "मी तसं... बोलण्याच्या ओघात."

"आमचा दावा कचेरीनं दोनदा वापस केला. एकदा गोपालच्या बापाचं नाव चुकलं म्हणून. एकदा वारलूचा अंगठा पुसट उठला म्हणून. अंगठा पुसट दिसला तुमाले. ह्या रानाचं क्षेत्र तुमच्या दप्तरात इंग्रजांपासून लिहून हाये. त्याच्यातले तीन हिस्से माह्या कागदावर नव्हते, अन थो कागद आठ दिवसांत पास झाला."

वारा नव्हता. कालवलेलं सिमेंट घमेल्यात घट्ट व्हायला लागलं होतं, आणि एक मजूर सवयीनं ते हलवायला वाकला आणि तसाच थांबला.

"तेव्हाच म्हंजे कधी, साहेब?" दिव्यानीनं विचारलं. "त्या कागदावर तुमची सही व्हायच्या आधी, का नंतर?"

साहेबांनी दादाजींच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग जीपकडे.

मंगलीबाई खड्ड्यात नीट टेकून बसली. टोपली तिनं मांडीवर घेतली.

"बोला ना," ती म्हणाली. "पोरगी काय पुसून राह्यली?"