आडवाटांचं रक्त

थोरल्या लोहाराच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. आजोबा झाला तरी गड्याचे हात शिवशिवत. घण मारताना छातीत कळ आली की दात-ओठ खाऊन आणखी जोरात हाणायचा.

समोर ऐरणीवर लोखंड धरणारा धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "दादा, ठेव घण. आता भट्टी मी चालवतो."

थोरल्याने त्याच्या थोबाडीत दिली. धाकट्याने त्याला हौदावर आपटलं. दोघांची डोकी फुटली, तेव्हा थोरल्याची बायको मध्ये पडली.

"घण कुणाचा ते छाती तपासून डॉक्टरीणबाई सांगतील. तोवर एकमेकांना हात लावाल तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

डॉक्टरीणबाईंनी थोरल्याच्या मांडीतून बारीक तार घातली ती थेट हृदयाच्या नळीत नेली. टोकाला दाब मोजायची सोय, आणि जवळच इवलासा फुगा.

"फुगा फुगवून मिनिटभर नळी बंद करते. तेव्हा पलीकडे जेवढा दाब उरेल, तेवढं रक्त आडवाटांनी, म्हणजे आजूबाजूच्या बारीक नळ्यांतून येतंय असं धरायचं. दुखलं तर सांगा."

"लोहाराला दुखत नसतं, बाई."

फुगा फुगला. चाळिसाव्या सेकंदाला छातीवर ऐरण ठेवून वर घण घालावा तसं झालं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलाची कड त्याने अशी आवळली की नख उलटून रक्त आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मिनिट भरलं, फुगा मिटला.

"शंभरात बेचाळीस," बाई म्हणाल्या. "नळी वर्षानुवर्षं अरुंद होत गेली, म्हणून शरीराने आडवाटा रुंद केल्या. पण घणाला हात लावायचा नाही. सोमवारी नळीत जाळी बसवू."

थोरल्याच्या कानात फक्त बेचाळीस शिरलं.

रविवारी सकाळी तो भट्टीवर हजर. घण धाकट्याच्या हातात.

"नळी बंद केली तरी मेलो नाही! बेचाळीस आलेत. आण इकडे."

"काठावर पास झालास, दादा," धाकटा हसला. "पेढे वाटू का?"

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घण हिसकला. धाकट्याने सांडशी फेकली, ती कानशिलाचं कातडं सोलून गेली. थोरल्याने घणाचा दांडा सगळं बळ लावून त्याच्या छातीत ठोसला. बरगडी कडकन मोडली. तरी धाकट्याने एक बुक्की हाणली आणि थोरल्याचे दोन दात पाडले. मग धाकट्यालाच दरदरून घाम फुटला. तो भिंतीला टेकून खाली घसरला.

"दादा, हात जड झाला रे..."

तेच टेबल, त्याच बाई. त्या धावत बाहेर आल्या.

"माराने नळीचं अस्तर आतून फाटलंय. वाट बंद झालीय, तार पुढे जात नाही."

"मग आडवाटा असतील की! सख्खा भाऊ आहे माझा."

"नाहीत. त्याची नळी आजवर ठणठणीत होती. आडवाटांची गरजच पडली नाही कधी."

"मोजा तरी, बाई!"

"मोजायला वेळ कुठंय? बाजूला व्हा."

थोरल्याच्या बायकोने त्याच्या फुटक्या तोंडावर दोन भडकावल्या. त्याने हात वर केला नाही.

धाकटा लोहार त्याच रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेला. एकेचाळीस वर्षांचा होता.