डाव्या कुशीवर

"उगाच आणं माले आठे," आमचे निजाममियाँ माझ्या कानाशी पुटपुटले. "निस्ती गर्मी शे. सब्जा पिसू, निंघी जाई."

सब्जा उन्हाळाभर पिऊन झाला होता. गुलकंद खाल्ला, मटण सोडलं. पायजम्यावरचे लाल डाग काही सुटले नाहीत. पायजमे मी धुते, म्हणून मला ठाऊक.

नंदुरबारच्या दवाखान्यात बाकावर जागा होती, तरी हे उभेच. शहाद्याहून एसटीतही उभ्यानंच आले. कंडक्टर सांगून सांगून थकला, "चाचा, बसा ना." प्रकाशा गावाजवळच्या पुलावर मी हळूच विचारलं, "तिथं काय करतात ते सांगू का?" तर म्हणे, "तापी देख, कितलं पानी शे."

सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे घेणं-विकणं हा यांचा धंदा. घेताना दात बघतील, खूर बघतील, भर बाजारात शेपूट उचलून बघतील. आणि सगळ्यात आधी विचारतील, "बाप कोण?" विकताना मात्र जनावराची खोड स्वतःहून आधी सांगतात. म्हणून तर गिऱ्हाईक यांना शोधत येतं.

माझ्या सासऱ्यांचे पायजमेही शेवटी शेवटी मीच धुवायचे. असेच डाग. ऐन जत्रेच्या थंडीत ते गेले, आणि घरात ठरलं, कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणायचं. डिसेंबरात ऊन! पण आम्ही सगळे तेच म्हणत आलो. आता हे कशाला घाबरलेत ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे यांनाही.

नर्स सिंधुबाईंनी यांना आत नेऊन एनिमा दिला. बऱ्याच वेळानं हे संडासातून बाहेर आले तेव्हा बाईंनी मोठ्यानं विचारलं, "साफ झालं ना चाचा?" बाकावरची माणसं एकदम पंख्याकडे बघायला लागली.

तपासायच्या खोलीत सिंधुबाई म्हणाल्या, "आधी बोटानं तपासतील. मग एवढीशी नळी, जेली लावून. संडासला लागल्यासारखं वाटेल, पण होत काही नाही. अंग आवळायचं नाही, तोंडानं श्वास सोडायचा. पाच मिनिटांत मोकळे."

"डॉक्टर कोठे शे?"

"ह्या काय."

जागृती मॅडम हातमोजे चढवत होत्या. आमच्या मुलीच्या, हुमाच्याच वयाच्या. हे वळले ते थेट दाराकडे. दारात मी.

"हुमाचे अब्बा, घोडी लाजते का कधी तुमच्यापुढे?"

"घोडीले पायजमा ऱ्हास का?"

मॅडमना हसू आवरेना. यांनाही थोडं आलं, आणि त्या हसण्यातच हे टेबलावर चढले.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, अंगावर चादर, तोंड माझ्याकडे. माझं बोट यांनी असं आवळलं, जणू ते सुटून पळणार होतं.

"बोट आहे... आता नळी. गार लागेल. श्वास सोडा."

"या अल्ला."

"दुखतंय?"

"नही. पन लाज वाटी ऱ्हायनी."

"मला नाही वाटत. थोडंच राहिलं... झालं. मूळव्याध आहे."

यांनी माझं बोट सोडलं. "देख, सांगं व्हतं ना!" असं हसले की मला रडू येईल असं वाटलं.

"पण या नळीनं जरासंच दिसतं," मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या. "इतके दिवस रक्त जातंय, तर वरचं आतडं लांब दुर्बिणीनं बघावंच लागेल. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेऊन पोट रिकामं करायचं. आता मला सांगा, किती घाई करू? घरात आतड्याचा आजार कुणाला होता? वडील कशानं गेले?"

हे टेबलावर पडल्या पडल्याच भिंतीकडे बघत नाडी बांधत होते. गाठ बसेना. बांधली, सोडली, परत बांधली. मी तोंड उघडलं तर सवयीनं तेच बाहेर आलं, "ऊन ला..."

"थांब जाहेदा." हे उठून बसले. जत्रेत गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "मॅडम, मी खोड आधी सांगस. ऊन नही लागेल व्हतं. मन्हा अब्बा आतडाना कॅन्सरमा गयात. त्यासनं बी असंच रगत जाये."