भिंतीवर चढणारी बोटं

हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवलंही होतं. पण हाड जुळलं म्हणजे हात परत आला, असं थोडंच असतं? रंगाऱ्याचा उजवा हात झोळीतून बाहेर निघाला तो पार ओंडका होऊन. तेव्हापासून दवाखान्याच्या चकरा. आज हाडाचे डॉक्टर, उद्या व्यायामाच्या बाई, मधेच पुन्हा फोटो. गाडीनं जेवढा मोडला नसेल तेवढा माणूस त्या बाकावर बसून बसून मोडला.

आणि दर चकरेला सोबत कोण, तर मेहुणा. गाडी तोच चालवत होता ना. चौकात सरळ पुढच्या गाडीत नेऊन घातली. स्वतःला ओरखडा नाही, शेजारी बसलेल्या दाजींचा खांदा मात्र कामातून गेला. तेव्हापासून गडी न बोलावता दारात हजर. रंगारी त्याच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडतच नव्हता. मेहुणा काहीही बोलो, हा आपला बसमधून जाता-येता नुसता "हं."

घरी करायला बाईंनी एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीला टेकवायची आणि मुंगीसारखी वर वर चालवायची. अडतील तिथं पेन्सिलीची रेघ. आता रंगाऱ्याला भिंतीचं काय सांगावं? रोज नेटानं करायचा. बायको रेघ मारायची. रेघा छातीपासून निघाल्या, हनुवटीला आल्या, कपाळ ओलांडून गेल्या. शेवटची रेघ मारायला बायको स्टुलावर चढली.

"अहो, आता छतच राहिलं की!" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

कारण सगळं घोडं छतापाशीच अडलं होतं. भिंती काय, कुणीही फासतो. छत एकसारखं मारणारा हात शोधावा लागतो, आणि याची सगळी भाकरी त्या हातावर. ठेकेदाराचा निरोप आला होता, हात वर जात असेल तर नव्या कामावर ये, नाहीतर मी दुसरा बघतो.

म्हणून त्या दिवशी स्वारी बाईंसमोर जरा ऐटीतच उभी राहिली. "बघा बाई," म्हणाला आणि सरसर बोटं चढवली.

बाईंची नजर त्याच्या टाचांवर होती. मग म्हणाल्या, "काका, त्या खुर्चीवर बसा."

"बसून? बसून कोण रंग देतं?"

"बसा तर खरं."

त्यांनी त्याची पाठ खुर्चीला टेकवली आणि खांद्यामागचं पसरट हाड, म्हणजे फरा, तळव्यानं घट्ट दाबून धरला. "आता उचला."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. रंगाऱ्यानं दातओठ खाल्ले, मानेच्या शिरा फुगल्या. हात तिथंच.

"सांधा हललाच नाहीये, काका," बाई हळू म्हणाल्या. "तुम्ही टाचा उचलता, कंबर ताणता, फरा वर चढवता. बोटं पोचतात, पण खांदा जागचा हलत नाही."

झालं. उभ्या जन्माची खोड ती. शिडीवर उभं असताना कोपरा हाताला आला नाही, तर खाली उतरून शिडी कोण सरकवतो? टाच उचलायची, बरगडी ताणायची, कोपरा गाठायचा. अंगानं आपलं नेहमीचं काम केलं आणि मालकालाच गंडवलं.

"मग आता?"

"पहिल्यापासून. बसून करायचं, आणि रोज कुणीतरी फरा असा दाबून धरायचा. तरी खांदा सुटला नाही, तर डॉक्टर भूल देऊन मोकळा करतील."

"आणि छत?"

"आत्ता सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

 इतका थकवा रंगाऱ्याला छतं मारूनही कधी आला नव्हता.

"घरी धरायला कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"बायको. पण मी ओरडलो की ती आधी रडेल."

"मी धरतो," दारातून आवाज आला. मेहुणा.

बाईंनी त्याला हात कुठं ठेवायचा ते दाखवलं. त्यानं ठेवला खरा, पण बोटं लटलट कापत होती.

"थरथरतोस काय?" रंगारी खेकसला.

"दाजी, परत काही झालं तर..."

"मोडायचं ते मोडून झालंय रे. दाब."

मेहुण्यानं दाबलं. हात वर निघाला, छातीशी आला आणि अशी कळ गेली की रंगारी गुरासारखा ओरडला. मेहुण्यानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

रंगारी धापा टाकत वळला. "शालकबुवा! ब्रेक लावायचा तेव्हा लावला नाहीत, आणि आता लावताय होय?"

 मेहुण्याचं तोंड पांढरं पडलं. मग कसला तरी आवाज फुटला त्याच्या घशातून, हसू का रडू त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं बाहीनं नाक पुसलं, पाय रोवले आणि पुन्हा हात ठेवला. या वेळी दाजी ओरडले, शिव्या दिल्या, पण पठ्ठ्यानं सोडलं नाही. हात छातीच्या वर सरकला. किती, तर जेमतेम बोटभर.

"एवढंच?" रंगाऱ्यानं विचारलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "पण हे खांद्यानं केलंय."

रंगाऱ्यानं घाम पुसला.

"उद्या लवकर ये," तो मेहुण्याला म्हणाला. "ठेकेदाराला मी कळवतो, दुसरा बघ म्हणून." आणि त्यानं पाठ खुर्चीला टेकवली. "चल, दाब."