भीमेतल्या अकरा होड्या

सन १९४३च्या श्रावणात श्रीगोंदे तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावाशी, नदीच्या पात्रात, अकरा होड्या होत्या. पुढच्या पौषात तिथे एकही होडी नव्हती, आणि गावात कधी होडी होती असे सांगणारा एकही माणूस नव्हता.

होड्या मोजल्या होत्या मामलेदार कचेरीतल्या राधाकृष्णपंतांनी. युद्धासाठी खाजगी जहाजे, पडाव, होड्या, जे तरंगेल ते ताब्यात घेण्याचा हुकूम निघाला होता, आणि समुद्र ज्याने कधी पाहिला नव्हता त्या तालुक्यालाही त्यातून सूट नव्हती. पंत पदार्थविज्ञानाचे पदवीधर. ऐकीव गोष्ट त्यांनी कधी सरकारी कागदावर उतरवली नव्हती. नदीला पूर, म्हणून पैलतीरावर छत्री धरून भर पावसात त्यांनी दोनदा मोजणी केली आणि कळवले : होड्या अकरा, बसक्या बांधणीच्या, माणसे वाहून नेणाऱ्या.

आता त्या न्यायला नगरच्या छावणीतून एक गोरा कॅप्टन रिकाम्या लॉऱ्या घेऊन आला होता. नदीत घोटाभर पाणी होते.

"शाम तक होड्या दिखाओ," कॅप्टन म्हणाला, "नहीं तो लिखके दो, रिपोर्ट झूठा था."

तसे लिहून दिले की नोकरी गेली, हे पंतांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गावात गुळाचा हंगाम चालू होता. पंतांनी पीरमहंमदच्या गुऱ्हाळावर चौकशी मांडली. पीरमहंमदची नजर उकळत्या रसावरून हलेना.

"पीरमहंमद, होड्या कुठे लपवल्यात?"

"रावसाहेब, आमच्या गावात होडी न्हाई. माझ्या बापानं बी कधी पाह्यली न्हाई."

"मी या डोळ्यांनी अकरा मोजल्या!"

"मंग त्या डोळ्यांलाच इचारा की," चुलवाणात चिपाडे सारता सारता साळूबाई म्हणाली.

"साळूबाई, सायेबमानूस हाय. गप बस."

"बसते की. पन घावल्या तर एक मलाबी द्या, रावसाहेब. घोटाभर पान्यात मिरवीन!"

शिपायांनी कडब्याच्या गंजी भोसकल्या, वाळवंट खणले, उसात शिरून अंग कापून घेतले. एका हवालदाराने भानामतीचा संशय बोलून दाखवला. पंतांनी तो तिथेच खोडला. होडीला वजन असते, आणि वजन असलेली वस्तू कुठे ना कुठे असतेच.

थंडी वाढली तसे ते पुन्हा गुऱ्हाळावर आले आणि काहिलीजवळ हात शेकत उभे राहिले. गूळ होत आला होता. गडी धावले, कड्यांतून वासे घातले, 'उचला रं' म्हणत काहील उतरवून कलती केली आणि गूळ ओतला. रिकामे लोखंडी भांडे पंतांपुढे आडवे झाले : रुंद, उथळ, बसके, कुठेही छिद्र नसलेले.

इतक्या घेराचे भांडे किती पाणी बाजूला सारील, याचा हिशेब पंतांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. उत्तर आले : पाच-सहा माणसांच्या वजनाइतके, सहज.

"पीरमहंमद, भीमेला पूर आला की पलीकडे कसे जाता?"

"काहिलीत बसून."

"अरे, मग सकाळपासून सांगितले का नाही?"

"तुमी होडी इचारत हुता."

पंत गावभर फिरले. गुऱ्हाळे अकरा होती. कॅप्टनला त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळात, रटरटणाऱ्या काहिलीपाशी नेले आणि ही होडी ताब्यात घ्यावी अशी विनंती केली. कॅप्टनने काठावर हात ठेवला, झटकन काढून घेतला, तो बराच वेळ झाडत राहिला, आणि मग पंतांनी जे लिहून दिले त्यावर मुकाट्याने सही केली :

'अहवाल खोटा नव्हता व होड्या कोणी लपवलेल्या नाहीत. या गावी उसाचा रस आटवण्याच्या काहिली पावसाळ्यात रिकाम्या असतात, तेव्हा लोक त्यांत बसून नदी ओलांडतात. हिवाळ्यात त्या चुलवाणावर असतात.'