आई आतल्या खोलीत

पुरवणीचं पान चार वाजता छपाईला जाणार होतं. सव्वादोन झाले होते आणि कथाकाराची दुसरी कथाही परत आली होती.

संपादकांनी नियमच घालून दिला होता. अर्धी कथा आधी मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना द्यायची. त्यांनी शेवट ओळखला की कथा बाद. बाई तीस वर्षं कथाच वाचत होत्या. आज काही जमलं नाही, तर रविवारची ती जागा कायमची शब्दकोड्याला जाणार होती.

"आईच्या माघारी मुलगा शिलाई मशीन विकायला काढतो," बाई म्हणाल्या, "आणि खणात चिठ्ठी सापडते. बरोबर?"

कथाकाराने नाइलाजाने मान हलवली.

"लेखकमहाराज, तुमच्या कथांतल्या बायका गेल्यावर फार लिहायला लागतात हो!"

"मग काय सापडू दे? अंगठी?"

"मला काय विचारता? मशीनवाल्याला विचारा."

तो चिडून उठला. व्हरांड्यात दोन येरझाऱ्या घातल्या, आणि मग खरंच जिना उतरून समोरच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला.

"जुनं मशीन आलं की पहिल्यांदा काय बघता?"

"पायडल," मान वर न करता कारागीर म्हणाला. "हे बघा. डावीकडेच झिजलंय. ज्यांचं हे मशीन, त्या बाई एकाच पायाने चालवायच्या. उजवा दुखत असणार. मशीन घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाला विचारलं, तर म्हणतो, छे, आई ठणठणीत होती."

कथाकार आभार मानायचंही विसरला. धापा टाकत टेबलाशी आला, चिठ्ठीचं पान टराटरा फाडलं. आईला जिवंत केलं, आतल्या खोलीत बसवलं. बाहेर कारागीर मुलाला झिजलेलं पायडल दाखवतोय आणि तिला शब्दन् शब्द ऐकू येतोय.

साडेतीनला त्याने चार पानं बाईंपुढे ठेवली. बसवेना, म्हणून उभाच राहिला. चौथ्या पानाच्या तळाशी बाईंची पेन्सिल थांबली.

"आई आतून ओरडते, विकू नकोस म्हणून."

"नाही."

"मुलगा रडतो. पाय धरतो तिचे."

"अजिबात नाही."

"मग करतो काय मेला?" बाईंनी हात पुढे केला. "आणा पुढचं पान."

"लिहिलं नाही अजून. मलाच माहीत नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग इथे खांबासारखे उभे काय? पळा!"